लीलूला उभं करणारी चौकट

मित्रांनो, मी जुनी नाही आणि सागवानी तर मुळीच नाही. मी एक चौकट आहे. दाराची नव्हे, खिडकीची नव्हे, फोटोचीही नव्हे. मी लेकराला उभं करणारी चौकट आहे. माझ्यासारखी वस्तू तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली नसेल, म्हणून आधी माझं रूप सांगते.

खाली एक रुंद फळी आहे आणि तिच्यात दोन छोट्या पावलांसाठी खाचा कोरलेल्या आहेत. मागं पाठ टेकायला उभी फळी. गुडघ्यांशी आणि कमरेशी मऊ पट्टे. पुढं छातीच्या उंचीवर सरकवून बसवायचा एक ट्रे, म्हणजे हात ठेवायला आणि खेळणी मांडायला जागा. ज्या लेकराचे पाय त्याला अजून पेलत नाहीत, ते माझ्यात रोज थोडा वेळ उभं राहतं. उभं राहता राहता पायांना उभं राहण्याची सवय होते. माझं काम एवढंच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लाकडाचा कापसासारखा पिंजलेला भुगा डिंकात कालवून, तापवून, दाबून माझी फळी तयार झाली. लोक मला एमडीएफ म्हणतात. माझं अंग वरून गुळगुळीत आणि घट्ट असतं. पण जिथून करवत जाते तिथं माझा पिंजलेला जीव उघडा पडतो. त्या कडांना सतत तहान लागलेली असते. रंग दाखवा, रंग पितील. पाणी दाखवा, पाणी पितील. पुरे कधी म्हणायचं हे त्यांना कळत नाही.

कळंबला वीरप्पा नावाचा माणूस फर्निचरची कामं करतो. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या कपाटांतून मी उरले होते आणि त्याच्या दुकानात भिंतीला टेकून उभी होते. त्याची बहीण उमादेवी नळदुर्गला दिलेली. तिची मुलगी लीलू वेळेच्या फार आधी जन्मली, आणि तिच्या पायांच्या शिरा ताठ राहिल्या. सोलापूरला ज्या बाई तिच्याकडून व्यायाम करून घेतात, त्यांनी कागदावर माझं चित्र काढून दिलं होतं. ते मोबाइलवर आलं, वीरप्पानं मला आडवं केलं आणि पेन्सिलीनं माझ्यावर दोन इवल्या पावलांच्या रेषा ओढल्या. तोवर मला वाटत होतं, आपण फार तर चपलांचा रॅक होणार.

"ताई, सध्या कोरीच देतो," मला पिकअपमधून उतरवताना तो म्हणाला. "रंगाचं मी येऊन बघतो. तोवर पाण्यापासून जप."

नळदुर्गचं ते घर हायवेच्या अगदी कडेला आहे. उमादेवीचा नवरा शंभुलिंग याचं ट्रकच्या टायरचं दुकान तिथून हाकेच्या अंतरावर. घरात त्याची आई, सिद्धम्मा. लीलू तिला अज्जी म्हणते आणि उमादेवी अत्ती. सिद्धम्मा सीमेपलीकडची, कानडी मुलखातली. तिच्या कपाळावर रोज सकाळी विभूतीची तीन बोटं उमटलेली असतात, आणि तिचा राग आणि लाड दोन्ही निम्मे मराठीत, निम्मे कानडीत असतात.

पहिल्या दिवशी मी तिला अजिबात आवडले नाही.

"अय्यो शिवा! लेकराला खांबाला बांधल्यावानी दिसतंय की गं," ती म्हणाली. "म्या माझी चार पोरं वाढवली, एकालाबी असलं लागलं न्हाय."

"तुमच्या पोरांचे पाय चांगले होते, अत्ती," पट्टा लावता लावता उमादेवी हळूच म्हणाली.

लीलूनं आधी भोकाड पसरलं, मग ट्रेवर थाप मारली, थाप वाजली म्हणून पुन्हा मारली. रडणं कुठल्या थापेवर थांबलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्या दिवसापासून मी घरातली झाले.

आता एक खरं सांगते. मी कोरी असताना तपकिरी, मळकट दिसत होते. उमादेवीला ते खुपायचं. सकाळी लीलूला माझ्यात उभं केलं की तिला दवाखान्याची आठवण यायची. वीरप्पा काही लवकर येईना. मग एका दुपारी लीलू झोपलेली पाहून तिनं भिंतीचा उरलेला पिवळा रंग काढला आणि मला थेट फासला. अंगावर तो छान बसला. कडांवर मात्र लावला की गडप. तिनं पुन्हा लावला, कडांनी पुन्हा प्यायला. शेवटी कडा मांजरीच्या जिभेसारख्या खरखरीत झाल्या. पण लांबून मी झेंडूसारखी दिसत होते, आणि लीलूनं पिवळ्या ट्रेला आधी गाल लावला आणि मग जीभ. आई खूश, लेक खूश. मीही खूश होते, मित्रांनो. आपल्याला कुणी नटवलं की आपण आत काय आहे ते विसरून जातो.

मग नवरात्र जवळ आलं.

आमच्या भागात घट बसायच्या आधी दसरा काढतात. म्हणजे घरातली चिंधी न् चिंधी धुवायची. गोधड्या, सतरंज्या, डबे, पाट, पाळण्याच्या दोऱ्यासुद्धा. घरात पारोसं काही म्हणून ठेवायचं नाही. उमादेवी शेजारणींबरोबर गोधड्यांचं गाठोडं घेऊन बोरी नदीवर गेली. लीलू खाटेवर झोपली होती. सिद्धम्मानं डबे घासले, पाट घासले, उंबरा धुतला. मग कमरेवर हात ठेवून तिनं घरभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

तिनं मला उचललं. त्या वयात मला उचलणं सोपं नव्हतं, पण कुणाला हाक न मारता तिनं मला हौदाशी नेलं. साबणाचं पाणी केलं. नारळाच्या शेंडीनं मला घासलं, पावलांच्या खाचा तर बोटं घालून घालून. तोंडानं पुटपुटत होती, "माझ्या लीलव्वाचं लाकूड. ह्याच्यावर ती उभी राहनार. घट बसायच्या आदी हे चकचकीत व्हायला पायजे." मग बादल्यांवर बादल्या ओतल्या आणि मला त्याच ओल्या फरशीवर उन्हाला उभं केलं.

इतक्या मायेनं मला कुणीच कधी हात लावला नव्हता. आणि त्याच वेळी माझ्या कडा पाणी पीत होत्या, घटाघटा, आणि मला त्यांना थांबवता येत नव्हतं.

उमादेवी परतली तेव्हा माझी खालची फळी पुरीसारखी टम्म फुगली होती. पिवळ्या रंगाचे पोपडे सुटले होते. खाचा आक्रसल्या होत्या. तिनं ट्रे सरकवून पाहिला, तो अर्ध्यात अडकला. मला जमिनीवर ठेवलं, तर मी डुगडुगले.

"अत्ती, हे कुणी धुतलं?"

"म्या. का गं? घरातलं समदं धुतलं, लेकराचं तेवढं पारोसं ठेवू व्हय?"

उमादेवीनं फुगलेल्या कडेवर बोट दाबलं आणि बोट आत गेलं.

सिद्धम्मानं ते पाहिलं. "लाकूड हाय म्हनलीस की," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "माझा पाट धा दसरे धुतला, त्याला काय झालं न्हाय."

"तो सागाचा पाट हाय, अत्ती. ही भुशाची हाय."

"मंग मला सांगायचं न्हाय आदी?"

तेवढ्यात शंभुलिंग आला. मला पाहून त्यानं ओठ दाबले, पण त्याच्या जिभेला काही ते जमलं नाही. "लई फुगली की ही. तळायला घेतली होती का?"

कुणी हसलं नाही, तेव्हा तो हात धुवायला निघून गेला.

उमादेवीनं भावाला व्हिडिओ कॉल लावला. वीरप्पानं मला चारही बाजूंनी दाखवायला सांगितलं.

"ताई, पिवळा कुणी दिला?"

"मी."

"आन् खाली काय लावलंस?"

"खाली काय लावायचं? रंगच."

"अगं, हिच्या कडा आधी बंद कराव्या लागतात. सीलर, मग प्रायमर, मग रंग. तसं केलं असतंस तर वरचं पाणी वरच राहिलं असतं. माझंबी चुकलंच म्हणा. पाण्यापासून जप म्हणलो, का जप ते न्हाय सांगितलं."

"दुसरी करून दे."

"देतो की. पण दिवाळीपतूर शाळेच्या कपाटांतनं मान वर काढता येत न्हाय बघ."

"दिवाळी?" उमादेवी म्हणाली. "सोलापूरच्या बाई म्हणल्यात एक दिवस खंड पाडू नका. पोटऱ्या आखडल्या की पुन्हा पहिल्यापासून सगळं. आत्ता कुठं तिच्या टाचा टेकायला लागल्यात रे."

मित्रांनो, तेव्हा मला कळलं की प्रश्न माझ्या रंगाचा नव्हताच. लीलूच्या टाचा जमिनीला टेकायला किती महिने गेले होते ते मी माझ्या अंगावर मोजलं आहे. आधी नुसती बोटं टेकायची. मग चवडा. मग कधीतरी, पट्टा लावून खूप वेळ झाल्यावर, टाच. ती टाच आता पुन्हा उचलली जाणार होती.

वीरप्पा म्हणाला, "मग हिलाच वाचवू. सावलीत वाळव, उन्हात न्हाय. पंखा लाव. आतपर्यंत वाळली की फुगलेलं घासून काढ. घाई केलीस आन् ओल आत कोंडली, तर संपलं."

"तोवर लेकरू?"

याचं उत्तर खाटेवर बसून ऐकणाऱ्या सिद्धम्माकडं होतं. तिनं लुगड्याचा काष्टा नीट खोचला, लीलूला उचललं आणि खाटेच्या कडेवर बसून आपल्या दोन गुडघ्यांमध्ये उभं केलं. लीलूची पाठ तिच्या पोटाला. लीलूचे गुडघे तिच्या दोन हातांत. टाचा खाली दाबायला तिनं आपली पावलं लीलूच्या पावलांवर हलकेच ठेवली.

"कशी हाय तुझी चौकट?" तिनं नातीच्या कानात विचारलं. "ही पान्यानं फुगत न्हाय बघ."

मी कोपऱ्यात पंख्याखाली उघडी पडले होते आणि रोज हे बघत होते. सिद्धम्मा नातीला आपल्या माहेरच्या गोष्टी सांगायची, अर्ध्या कानडीत. लीलूला त्यातलं किती कळत होतं कोण जाणे, पण तिला गोष्ट संपलेली बरोबर कळायची. "आजून!" म्हणायची. आणि सिद्धम्मा आणखी एक सांगायची. लीलूला खाली ठेवल्यावर मात्र ती लगेच उठत नसे. गुडघे चोळत बसून राहायची. उमादेवी आली की हात बाजूला घ्यायची.

उमादेवीला दिसत नव्हतं असं नाही. सासू-सुनेत बोलणं कमीच झालं होतं. पण सकाळी गरम तेलाची वाटी खाटेखाली ठेवलेली असे, आणि ती कुणी ठेवली हे सिद्धम्मा विचारत नसे.

मी वाळले. मग उमादेवीनं नाकाला ओढणी बांधून परसात मला घासायला घेतलं. काचपेपर आधी जाड, मग बारीक. फुगलेला भाग भुगा होऊन गळाला, पिवळा रंगही गेला. ट्रेची खोबण रुंद झाली, पावलांच्या खाचा मोकळ्या झाल्या. सवयीनं ती ओलं फडकं घेऊन पुसायला आली आणि तिनं स्वतःच फडकं लांब फेकलं. शंभुलिंग हसला. मला दुकानात घेऊन गेला आणि ज्या हवेनं ट्रकची चाकं भरतात त्या पाइपानं त्यानं माझ्या खाचाखोबणीतली धूळ उडवली. मित्रांनो, चौकटीला गुदगुल्या होतात, हे मला त्या दिवशी समजलं.

मग सीलर आला. रंगाच्या दुकानात उमादेवीनं आधीच विचारलं होतं, "लेकरू तोंड लावतं. शिसं नसलेलंच सगळं द्या." पातळ, पारदर्शक, उग्र वासाचं ते रसायन तिनं ब्रशनं माझ्या कडांना पाजलं. पहिला हात माझ्या कडांनी नेहमीसारखा गटकन प्यायला. ती वाट बघत बसली. वाळल्यावर कडा पुन्हा खरखरीत झाल्या, केस उभे राहावेत तशा. बारीक काचपेपरनं तिनं ते केस बसवले. पुन्हा सीलर. या वेळी कडांनी अर्धाच प्यायला. पुन्हा घासणं, पुन्हा सीलर. आणि मग जन्मात पहिल्यांदाच माझ्या कडांना तहान राहिली नाही. ब्रश वरून गेला आणि ओल वरच चमकत राहिली. ते कसं वाटतं हे सांगायला माझ्याकडं शब्द नाहीत. पोटभर जेवून झोपलेल्या बाळाला विचारा.

त्यानंतर पांढरा प्रायमर. हायवेची धूळ ओल्या प्रायमरवर बसायला लागली, म्हणून सिद्धम्मानं आपलं जुनं लुगडं काढलं आणि परसात माझ्याभोवती मांडव घातला. कुणी सांगितलं नव्हतं. प्रायमरचा पहिला हात वाळला, आणि उमादेवीनं सरळ हिरव्या रंगाचा डबा उघडायला घेतला.

"बास झालं. उद्यापासून उभी करते तिला," ती म्हणाली. "आणखी थांबत न्हाय मी."

सिद्धम्मा मांडवात वाकून आली. डोळ्यांनी तिला बारीक दिसत नाही, म्हणून तिनं माझ्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवला, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हितं खरखर हाय अजून."

"ते खाली जातंय, अत्ती. दिसत न्हाय कुनाला."

"दिसत न्हाय म्हनूनच तर पानी तिथनं शिरलं." मग तिनं मान खाली घातली. "भिंत सारवताना पहिला हात भिंतच पिती गं. दुसऱ्या हाताशिवाय सारवन धरत न्हाय. दे आजून एक हात. म्या हाय की लेकराला धराया."

"तुमचे गुडघे..."

"माझे गुडघे माझे हायत. तू घास."

उमादेवी हातातल्या डब्याकडं बघत राहिली. मग तिनं झाकण पुन्हा दाबून बसवलं. "अत्ती," ती माझ्याकडं तोंड करूनच म्हणाली, "चूक तुमच्या पाण्याची न्हवती. माझ्या रंगाची होती. वरून मी इतकी झकपक केली, की तुमाला काय, कुणालाबी ती धड वाटली असती."

"दोघींची मिळून होती म्हन," सिद्धम्मा म्हणाली. "एकटीनं कशाला घेतीस?"

मग प्रायमरचा दुसरा हात बसला. त्यावर हिरवा रंग. वास जाईपर्यंत आणखी वाट. रोज सकाळी सिद्धम्मा येऊन माझा वास घ्यायची आणि नाक मुरडून म्हणायची, "आज न्हाय." आणि एका सकाळी वास घेऊन ती सरळ मला उचलायला वाकली. या वेळी दुसरी बाजू उमादेवीनं धरली.

मी आत आले. फरशीवर ठेवल्यावर तसूभरही हलले नाही. ट्रे एका बोटानं सरकला. मी वाट पाहत होते, आणि थोडी मिरवतही होते म्हणा ना.

आणि लीलूनं मला पाहून तोंड फिरवलं.

पट्टा लावला तशी ती किंचाळली. पाठ कमानीसारखी ताणली, दोन्ही हात सिद्धम्माकडं पसरले. "अज्जी! अज्जी!" इतके दिवस तिला जिवंत गुडघ्यांत उभं राहायची सवय झाली होती, गोष्टींसकट. माझ्या गुळगुळीत कडांचं तिला काय कौतुक असणार?

सिद्धम्मा लगेच पुढं झाली. "राहू दे उमा. म्या धरते की तिला. लेकरू रडतंय." तिचं तोंड उजळलं होतं, मी पाहिलं. आणि ती खाटेवर बसायला गेली तेव्हा गुडघ्यातून कळ आली आणि तिनं खाटेचा पाय घट्ट धरला, तेही मी पाहिलं.

उमादेवी बरंच काही बोलू शकली असती. सोलापूरच्या बाईंचं नाव घेऊ शकली असती. तिनं एक उशी आणली आणि माझ्या पुढ्यात जमिनीवर ठेवली.

"अत्ती, तुमी हितं बसा. तिच्या म्होरं."

सिद्धम्मा बसली. आणि मित्रांनो, तेव्हा एक गोष्ट झाली, जी आम्हा कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. इतके दिवस ती लीलूच्या मागं होती. गोष्ट कानात येत होती, चेहरा दिसत नव्हता. त्याआधी लीलू कायम खाली, आणि अज्जीचा चेहरा वर, लांब, छताजवळ. आता सिद्धम्मा जमिनीवर बसलेली आणि लीलू माझ्यात उभी. दोघींचे डोळे अगदी एका उंचीला आले.

लीलू रडायची थांबली. ती बघतच राहिली. मग तिनं ट्रेवरून हात पुढं केला, अज्जीच्या कपाळावरच्या विभूतीला बोटं लावली आणि ती बोटं हिरव्या ट्रेवर टेकवली. पांढरे ठसे उमटले. उमादेवी फडकं घेऊन आली होती. तिनं ते पुसले नाहीत.

"येवढी उंच झालीस व्हय गं तू?" सिद्धम्मा म्हणाली.

लीलूनं ट्रेवर थाप मारली. "गोस्ट," ती म्हणाली.

गोष्ट सुरू झाली. खाली माझ्या खाचेत एक टाच हवेत होती. ती हळूहळू खाली आली आणि टेकली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी भुशाची वस्तू आली तर तिला नटवायची घाई करू नका. आधी तिच्या कडा बघा, खालच्या, मागच्या, जिथं कुणाची नजर जात नाही त्या. त्यांना सीलर पाजा, प्रायमर द्या, वाळू द्या आणि कोरड्या फडक्यानं पुसत जा. आणि घरात कुणी अज्जी असेल, तर वस्तू आल्या दिवशीच तिच्याजवळ बसून ती कशाची आहे ते नीट सांगा. ती विचारणार नाही. ती मायेनं धुवायला घेईल.

माझं म्हणाल तर माझी मागणी जरा उलटी आहे. इतर वस्तूंना वाटतं, आपली गरज कायम राहावी. मला वाटतं, माझी गरज संपावी. एके दिवशी लीलूनं माझ्याकडं न बघता माझ्या शेजारून चालत परसात जावं. तेव्हा मला अडगळीत टाकू नका. अणदूरला, तुळजापूरला, कुठंतरी एखादं लेकरू टाच टेकायची वाट बघत असेल. मला त्याच्याकडं पोचवा. तोवर मी इथं उभी आहे, कोरडी आणि धड.